बल्ब चौघांनी बघितला, उंची कुणीच नाही

पाना_पक्कड (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ७:१०

मागे ‘मोबाईलच्या नादात स्टेशन गेलं’ या धाग्यावर मी सहज लिहून गेलो होतो की हेच कॉकपिटमध्ये झालं तर काय होतं ते सवडीने सांगेन. दोघातिघांनी आठवण करून दिली, म्हणून हा धागा.

आधीच सांगतो, मी वैमानिक नाही. चौतीस वर्षं विमानांच्या देखभालीत गेली. त्यामुळे माझं लक्ष पायलटपेक्षा त्या बल्बकडे जास्त जातं. सांभाळून घ्या.

२९ डिसेंबर १९७२. ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट ४०१, न्यूयॉर्कहून मायामीला. विमान लॉकहीडचं ट्रायस्टार, तीन इंजिनांचं, कंपनीच्या ताब्यात येऊन जेमतेम चार महिने झालेले. त्या काळात यापेक्षा हुशार ऑटोपायलट प्रवासी विमानात मिळणं कठीण. आत १६३ प्रवासी आणि १३ कर्मचारी. कॅप्टन ५५ वर्षांचा, उड्डाणाचे तास २९ हजारांच्या वर, पण ट्रायस्टारवर त्यातले फक्त २८०. शेजारी फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक, मागे फ्लाइट इंजिनियर आणि जंप सीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर, कंपनीचाच देखभाल विभागातला एक जण. म्हणजे कॉकपिटमध्ये चार माणसं, चौघंही कामातली.

रात्री साडेअकराच्या सुमारास मायामीला उतरताना चाकं खाली केली. दोन हिरवे दिवे लागले, पुढच्या चाकाचा लागला नाही. चाकांचा दांडा वर-खाली करून पाहिला, तरी नाही. दिवा लागला नाही याचे दोन अर्थ. एक तर चाक नीट बाहेर येऊन लॉक झालेलं नाही, नाहीतर बल्ब गेलाय. त्यांनी उतरणं रद्द केलं आणि जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलने सांगितल्याप्रमाणे २,००० फुटांवर जाऊन पश्चिमेकडे वळले. पश्चिमेला एव्हरग्लेड्स. मैलोन्‌मैल दलदल, त्यात अंधारी रात्र आणि खाली एकही दिवा नाही. कॅप्टनने ऑटोपायलट लावायला सांगितला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

मग सुरू झालं बल्बचं प्रकरण. फर्स्ट ऑफिसरने दिव्याची काच-बल्बची जोडणी बाहेर काढली आणि परत बसवताना ती आडवी बसून अडकली. आता ती धड निघेना, धड बसेना. कॅप्टन त्यात लक्ष घालू लागला. इंजिनियरला म्हणाला, खाली जाऊन डोळ्यांनी बघ. कॉकपिटच्या जमिनीत एक झडप असते, तिच्यातून खालच्या उपकरणांच्या कप्प्यात उतरता येतं. तिथून एका दुर्बिणीवजा नळीतून पुढच्या चाकावरच्या खुणा दिसतात. अमेरिकन मंडळी त्या कप्प्याला ‘हेल होल’ म्हणतात. मी तसल्या कप्प्यांत अर्धं आयुष्य काढलंय. नाव बरोबर आहे.

तपासात जे निघालं त्यावरून अंदाज असा की कॅप्टन मागे वळून इंजिनियरशी बोलत असताना त्याच्या अंगाचा रेटा समोरच्या कंट्रोल कॉलमवर, म्हणजे विमान वर-खाली न्यायच्या दांड्यावर, पडला. जोर फार नाही लागत. त्या रेट्याने ऑटोपायलटचं ‘उंची धरून ठेव’ हे काम सुटलं. ऑटोपायलट बंद नाही पडला हं, फक्त उंची धरायचं सोडलं, आणि विमान अगदी हळू, पोटातलं पाणी न हलता, खाली येऊ लागलं. चार-साडेचार मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही.

११ वाजून ४२ मिनिटांनी विमान ताशी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने दलदलीत घुसलं. शेवटच्या काही सेकंदांत फर्स्ट ऑफिसर म्हणाला, उंचीचं काहीतरी केलंय आपण. कॅप्टन म्हणाला, काय? पुढचं वाक्य, आपण अजून दोन हजारावरच आहोत ना?

१०१ माणसं गेली. पुढचं चाक बाहेर आलेलं होतं, लॉकही झालेलं होतं. दिव्यातले दोन्ही बल्ब उडालेले होते.

या अपघाताचं वर्णन ‘बारा डॉलरच्या बल्बपायी’ वगैरे थाटात बऱ्याच ठिकाणी सापडेल. मला ते पटत नाही. बल्ब उडणारच, तो बल्ब आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. चौघांपैकी कुणीही टिवल्याबावल्या करत नव्हता, सगळे मन लावून काम करत होते. फक्त ‘विमान तू सांभाळ, दिवा मी बघतो’ हे वाक्य कुणी उच्चारलं नाही.

---

रानजाई | सकाळी ७:५२

काटा आला अंगावर. ते शेवटचं ‘अजून दोन हजारावरच आहोत ना’ डोक्यातून जात नाहीये. ७५ जण वाचले म्हणजे कसे काय पण? इतक्या वेगाने आपटून?

---

शंकेखोर | सकाळी ८:२०

लेख छान, पण काही शंका.
१) उंची कमी झाली तर धोक्याची सूचना वाजत नाही का? १९७२ म्हणजे काही बैलगाडीचा जमाना नव्हता.
२) रडारवर कंट्रोलरला उंची दिसत नव्हती का?
३) ऑटोपायलटचं एक काम सुटलं तर दिव्यावर कळायला हवं. चौघांपैकी एकालाही दिसू नये?
उगाच पायलटांच्या माथी मारताय असं वाटतंय.

---

कोकणी_फणस | सकाळी ८:३१

शंकेखोर आले, आता धागा शंभरी गाठणार. चहा घेऊन बसतो.

---

पाना_पक्कड | सकाळी ९:०५

शंकेखोर, प्रश्न चोख आहेत. उलट्या क्रमाने घेतो.

३) दिवा होता. पण ट्रायस्टारमध्ये दोन बाजूंचे दोन पिच कॉम्प्युटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली सांभाळणारे, आणि त्या विमानात त्यांचं गणित जुळलेलं नव्हतं. कॅप्टनच्या बाजूला साधारण १५ पौंडांचा रेटा पडला की उंची धरणं सुटे, फर्स्ट ऑफिसरच्या बाजूला २० पौंड लागत. म्हणजे मधलाच जोर पडला तर कॅप्टनसमोरचा दिवा विझेल आणि फर्स्ट ऑफिसरसमोर मात्र ‘उंची धरली आहे’ असं दिसत राहील. विमान खाली जातंय आणि एक दिवा बिनधास्त खोटं बोलतोय. देखभालवाला म्हणून मला हे वाचताना जास्त लागलं, बल्बपेक्षाही.

२) दिसत होती. कंट्रोलरच्या पडद्यावर ९०० फूट असा आकडा आला. पण तेव्हाच्या यंत्रणेत रडारच्या एखाद्या फेरीला चुकीचा आकडा यायचा आणि पुढच्या फेरीला सुधारायचा, त्यामुळे त्याने तो पक्का धरला नाही. तरी विचारलं. काय विचारलं, तर ‘कसं काय चाललंय तिकडे?’ या अर्थाचं. कॉकपिटला वाटलं चाकाबद्दल विचारतोय. उत्तर गेलं, ठीक आहे, आम्ही वळून परत येतो. जमिनीला टेकायला तेव्हा अर्धा मिनिट उरलं होतं.

१) वाजली ना! २५० फुटांचा फरक पडला की एक सूर वाजायचा, तसा १,७५० फुटांवर वाजला. कॉकपिटच्या टेपवर स्पष्ट ऐकू येतो. पण त्याचा स्पीकर फ्लाइट इंजिनियरच्या जागेपाशी, आणि इंजिनियर होता खाली हेल होलमध्ये. रिकाम्या खुर्चीला सूचना मिळाली.

रानजाई, वाचले ते बरेचसे चिखलामुळे. दलदलीने धक्का खाल्ला, आणि चिखल जखमांवर बसल्यामुळे रक्त कमी गेलं असं म्हणतात. त्याच चिखलातल्या जंतूंमुळे नंतर काहींना गॅस गँगरीन झालं, हेही खरं. पहिला मदतीला पोचला तो रात्री एअरबोट घेऊन बेडूक पकडायला निघालेला माणूस. आगीचा लोळ दिसला तिकडे त्याने बोट हाकली, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात लोकांना ओढून काढलं, स्वतः भाजला. वाचलेल्यांतल्या एका एअर होस्टेसने लोकांना एकत्र धरून ठेवलं. इंधन सगळीकडे सांडलंय, कुणी काडी ओढू नका, असं ती ओरडून सांगत होती. आणि हेलिकॉप्टरला आवाज जावा, लोकांना धीर यावा म्हणून नाताळची गाणी म्हणायला लावली. नाताळ होऊन चारच दिवस झाले होते.

---

शंकेखोर | सकाळी ९:२२

मान्य. म्हणजे यंत्राने सांगितलं, कंट्रोलरनेही विचारलं. दोन्ही जागच्या जागी राहिलं. पण कॅप्टनला मेंदूत गाठ होती असं कुठेतरी वाचलंय. ते का गाळलं?

---

पाना_पक्कड | सकाळी ९:४०

गाळलं नाही, महत्त्वाचं वाटलं नाही. शवविच्छेदनात गाठ सापडली हे खरं. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, तिचा अपघाताशी संबंध लावला नाही. त्यांनी कारण म्हणून जे दिलं त्याचा मथितार्थ इतकाच, की शेवटची चार मिनिटं कुणी उपकरणांवर नजर ठेवली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष चाकाच्या दिव्यात अडकलं होतं. आणि समजा गाठीमुळे कॅप्टनची नजर कमी पडली, मग बाकी तिघांना काय झालं होतं?

---

ढगातला_मुंबईकर | दुपारी १२:१५

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी सध्या एअरबसवर फर्स्ट ऑफिसर आहे, कंपनी विचारू नका.

४०१ आम्हाला ट्रेनिंगमध्ये इतकी शिकवतात की पाठ झालीये. आज असा काही बिघाड झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. जो उडवतोय तो मोठ्याने म्हणतो, विमान माझ्याकडे, रेडिओ माझ्याकडे, तू ईसीएएम बघ. ईसीएएम म्हणजे बिघाड दाखवणारा पडदा. एक जण उडवणारा, एक जण नजर ठेवणारा, आणि उडवणाऱ्याने बिघाडात बोट घालायचं नाही. पाना_पक्कड म्हणतात ते वाक्य आता नियमच झालंय.

उंचीचंही तसंच. कंट्रोलने नवी उंची दिली की एक जण पॅनेलवरच्या छोट्या खिडकीत आकडा लावतो, दुसरा तो वाचून बोट दाखवतो. शेवटचे हजार फूट उरले की ‘एक हजार बाकी’ असा पुकारा करायचा. बाहेरच्याला पोरखेळ वाटेल.

तरी चुका होतात. माझीच सांगतो. पावसाळ्यात मुंबईत उतरत होतो. वर असताना सगळ्यांचे अल्टिमीटर १०१३ या ठरलेल्या दाबावर लावलेले असतात, खाली येताना एका पातळीला स्थानिक दाब लावायचा. त्या दिवशी मुंबईचा दाब होता १००० च्या आसपास. नेमक्या त्या क्षणी केबिनमधून फोन आला, एका आजींना चक्कर आलीय, खाली डॉक्टर हवा. मी फोन घेतला, कॅप्टनने कंट्रोलला कळवलं, आणि आम्ही दोघंही बटण फिरवायचं विसरलो. एका हेक्टोपास्कलला साधारण तीस फूट, तेरा हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास चारशे फूट. अल्टिमीटर दाखवतोय त्यापेक्षा आम्ही चारशे फूट खाली! अर्ध्या मिनिटात चेकलिस्ट वाचताना कॅप्टनच्या लक्षात आलं. आजी ठणठणीत होत्या, बीपीची गोळी चुकली होती. मी मात्र आठवडाभर झोपलो नाही.

---

रानजाई | दुपारी १२:३०

बाप रे. आणि आम्ही मागे बसून सँडविच इतकं महाग का म्हणून कुरकुरत असतो.

---

पुणेरी_मुळशी | दुपारी १:०५

यावरून २०१० चं दुबई-पुणे आठवलं. आमच्या ओळखीतल्या एकाची पुढच्याच आठवड्याची तिकिटं होती, त्याने घाबरून रद्द केली होती. एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७, मे महिन्यात, मंगळूरच्या अपघाताला चार दिवस झाले होते. ३७,००० फुटांवर कॅप्टन स्वच्छतागृहात गेला. सहवैमानिक आपली खुर्ची पुढे सरकवायला गेला आणि रेटा कंट्रोल कॉलमवर पडला. विमान नाक खाली करून सुटलं. त्याला सावरता येईना, दार उघडायलाही जमेना. कॅप्टनने बाहेरून आपत्कालीन कोड दाबून आत येऊन विमान सरळ केलं. तोवर हजारो फूट उंची गेली होती. ११३ प्रवासी होते, सुखरूप पुण्यात उतरले. तपासाचा अहवाल आला तेव्हा पेपरात ठळक छापून आलं होतं.

म्हणजे १९७२ ला कॅप्टनचं अंग, २०१० ला खुर्ची. दांडा तोच.

---

ढगातला_मुंबईकर | दुपारी १:२०

एअरबसला दांडा नाही, बाजूला जॉयस्टिक आहे, त्यामुळे हा प्रकार आमच्याकडे होत नाही. :) पण फार मिरवत नाही, आमच्याकडे दुसरे प्रकार होतात.

---

शंकेखोर | दुपारी १:४४

हवेतल्या उंचीच्या घोळात आपल्याकडचा सगळ्यात मोठा अपघात चरखी दादरीचा. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत. तो का नाही घेतला? तिथेही उंचीच चुकली होती. सौदीच्या बोइंग ७४७ ला १४,००० फूट दिली होती, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,०००. ते १५,००० ला थांबलंच नाही.

---

पाना_पक्कड | दुपारी २:१०

घेतला नाही कारण तो लक्ष विचलित होण्याचा नाही, समजण्या-समजण्यातल्या घोळाचा आहे. कझाक विमानात कंट्रोलशी बोलायचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरचं. त्याच्यासमोर स्वतःची उपकरणं नाहीत, पायलटांच्या खांद्यावरून बघायचं. उंची कानावर पडली एकाच्या, विमान दुसऱ्याच्या हातात. त्या अपघातानंतर आपल्याकडे विमानांत टीसीएएस बसवणं सक्तीचं झालं. दोन विमानं जवळ आली की तेच एकाला वर आणि दुसऱ्याला खाली जायला सांगतं. त्यावर स्वतंत्र धागा होईल, काढा तुम्ही.

उंची चुकली की सगळं एकाच पोत्यात घालू नये, एवढंच.

---

कोकणी_फणस | दुपारी २:३०

मला त्या ४०१ ची भुताची गोष्ट हवी. पडलेल्या विमानाचे सुटे भाग दुसऱ्या विमानांत बसवले आणि तिथे मेलेला इंजिनियर दिसायचा म्हणे?

---

पाना_पक्कड | दुपारी २:३४

नाही.

---

कोकणी_फणस | दुपारी २:३६

अहो, एवढं एका शब्दात?

---

पाना_पक्कड | दुपारी २:५५

अहो फणसराव, मी चौतीस वर्षं एका विमानाचा भाग काढून दुसऱ्यात बसवत आलो. प्रत्येक भागाला कागद असतो, तो कुठून आला, किती तास चालला, कुणी सही केली. भुताला कुणी सही दिलेली मी पाहिली नाही. जो इंजिनियर भूत म्हणून दिसतो असं सांगतात ना, तो अपघातानंतर जिवंत सापडला होता आणि नंतर इस्पितळात वारला. त्याच्या घरच्यांनी त्या गोष्टी वाचल्या असतील. असो. अमावस्येच्या धाग्यावर लिहा, मी वाचेन.

---

सिग्नल_पिवळा | संध्याकाळी ५:४८

उशिरा आलो. भुसावळला लोको पायलट होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त.

धागाकर्त्यांचं ते वाक्य न उच्चारण्याबद्दलचं म्हणणं आम्हाला नवीन नाही. आमच्याकडे इंजिनात दोघं, लोको पायलट आणि असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की दोघांनी हात करून मोठ्याने पुकारायचा, कुठला सिग्नल आणि कुठला रंग. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं. रात्री तीनला, चाळीस डिग्रीत, रिकाम्या जंगलात दोन माणसं सिग्नलकडे हात करून ओरडताहेत. नवीन पोरं पहिले दोन महिने लाजतात. नंतर सवय अशी लागते की मी निवृत्तीनंतर मुलाच्या गाडीत बसलो तरी चौकात ‘पिवळा’ म्हणून ओरडतो. सून हसते. आयडी त्यावरूनच घेतला.

पण एक सांगतो. सवयीनेही पुकारा होतो. तोंड ‘हिरवा’ म्हणतं आणि डोळे मागच्या डब्याच्या ब्रेक प्रेशरचा विचार करत असतात. माझा एक असिस्टंट होता, हुशार पोरगा. एकदा मी ‘हिरवा’ म्हणालो, तो नेहमीसारखं ‘हिरवा’ म्हणण्याऐवजी म्हणाला, ‘साहेब, पुन्हा बघा.’ पिवळा होता. मी वॉकीटॉकीवर गार्डशी बोलत होतो. त्याने माझ्यामागून पोपटासारखं म्हटलं असतं तर पुढच्या लाल सिग्नलला मला फार उशिरा ब्रेक लागला असता.

विमानात कनिष्ठाला असं बोलता येतं का? आमच्याकडे ते साहेबावर अवलंबून असायचं.

---

डॉ_भूल | संध्याकाळी ६:३०

पिवळासाहेब, दंडवत. ‘पुन्हा बघा’ हे दोन शब्द ऑपरेशन थिएटरच्या दारावर लावायला हवेत.

मी भूलतज्ज्ञ. आमच्याकडचं ४०१ असं दिसतं. सर्जनच्या हातात एक अवघड रक्तवाहिनी आहे, रक्त थांबत नाहीये, सगळे त्या चार इंचांच्या चिरेकडे बघताहेत. मी सुद्धा मान वाकवून बघतो, कारण उत्सुकता मलाही आहे. आणि माझ्या मागे मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागतो. अलार्म वाजतो. पण थिएटरमध्ये अलार्म इतके वाजतात की कुणीतरी सवयीने हात लांब करून आवाज बंद करतं. ४०१ ची ती रिकाम्या खुर्चीपाशी वाजलेली सूचना वाचून मला हेच आठवलं. आमची तर खुर्चीत माणूस असून रिकामी असते कधीकधी.

मी रेसिडेंटना एकच सांगतो. चिरेत सगळे बघत असतील तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून मॉनिटर बघ. तुला तेवढ्याचाच पगार आहे.

---

ढगातला_मुंबईकर | संध्याकाळी ७:१०

पिवळाकाका, तुमच्या प्रश्नाला माझ्या पिढीपुरतं उत्तर ‘हो, बऱ्यापैकी’. पण ते आपोआप आलेलं नाही. ४०१ नंतर सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ ला, युनायटेडची फ्लाइट १७३ पोर्टलंडजवळ पडली. पुन्हा चाकाचाच घोळ. कॅप्टन चाकाच्या आणि प्रवाशांना तयार करण्याच्या मागे इतका लागला की इंधन संपलं. तासभर शहरावर घिरट्या घालत होते. इंजिनियरने इंधनाचं सांगितलं होतं, पण हळू आवाजात, आडवळणाने. दहा जण गेले. दुसऱ्याच वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून जे ट्रेनिंग निघालं ते आज जगभर सक्तीचं आहे. कॅप्टनला कसं ऐकायचं आणि ज्युनियरला कसं अडवायचं हे शिकवतात. आधी सुचवायचं, मग स्पष्ट सांगायचं, आणि तरी ऐकलं नाही तर कंट्रोल हातात घ्यायचा.

दहा हजार फुटांखाली गप्पा बंद हा नियमही असाच आला. १९७४ ला शार्लटला ईस्टर्नचीच दुसरी फ्लाइट, २१२, धुक्यात उतरताना पडली. टेपवर राजकारण आणि जुन्या मोटारींच्या गप्पा. १९८१ पासून अमेरिकेत दहा हजारांखाली फक्त कामाचं बोलायचं. आपल्याकडेही तेच पाळतात.

---

शंकेखोर | संध्याकाळी ७:२५

आणि दहा हजारांवर? तिथे काहीही केलं तर चालतं? २०१४ चं मुंबई-ब्रुसेल्स आठवा. जेट एअरवेजचं ७७७ तुर्कस्तानवर असताना पाच हजार फूट खाली आलं. कॅप्टन झोपलेला, सहवैमानिक टॅबलेटमध्ये. अंकाराच्या कंट्रोलने विचारलं तेव्हा कळलं. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, दोघांनाही निलंबित केलं होतं. ४०१ च्या बेचाळीस वर्षांनंतर!

---

ढगातला_मुंबईकर | संध्याकाळी ७:५०

कॅप्टनने झोपणं हा गुन्हा नाही, लांबच्या उड्डाणात ठरवून, सांगून, थोडा वेळ डुलकी घ्यायला परवानगी असते. आणि टॅबलेटही कामाचाच असतो, नकाशे, कागदपत्रं सगळं त्यात. म्हणूनच तो धोक्याचा. कादंबरी वाचत बसलं तर आपल्यालाच अपराधी वाटतं. कामाचं काही वाचत असलो की मन म्हणतं, अरे, कामच तर करतोय.

नॉर्थवेस्ट १८८ चे दोघं असेच. २००९, सॅन डिएगोहून मिनियापोलिस. लॅपटॉपवर कंपनीची नवीन ड्युटी-वाटपाची पद्धत समजून घेत होते. तासाहून जास्त वेळ रेडिओला उत्तर नाही, गाव दीडशे मैल मागे गेलं. शेवटी केबिनमधून कधी उतरणार विचारल्यावर जागे झाले. परवाने गेले दोघांचे.

---

रानजाई | रात्री ८:३५

सकाळपासून या धाग्यामुळे घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरण करपलं. जबाबदार कोण?

---

कोकणी_फणस | रात्री ८:४१

कॉकपिटमध्ये एकटीच होतात की अजून कोणी होतं?

---

रानजाई | रात्री ८:४३

नवरा होता. ‘शिटी झाली का गं’ विचारत होता. मायामीच्या कंट्रोलरसारखा.

---

डॉ_भूल | रात्री ९:००

हा प्रतिसाद धाग्यावर चिकटवून ठेवा.

कंट्रोलरवरून आठवलं. पाना_पक्कड, त्याला दोषी धरलं का? मला राहून राहून त्याचं वाईट वाटतं. त्याने बघितलं होतं.

---

पाना_पक्कड | रात्री ९:४५

धरलं नाही. जमिनीपासून किती उंच आहात हे बघणं तेव्हा त्याचं कामच नव्हतं, विमानं एकमेकांपासून लांब ठेवणं हे काम. त्यात त्याच्या पडद्यावर आणखी पाच विमानं. पण नंतर रडारच्या संगणकातच अशी सोय आली की विमान सुरक्षित उंचीच्या खाली गेलं की कंट्रोलरला आपोआप इशारा मिळतो, आणि मग त्याने ‘कसं काय’ विचारायचं नाही, ‘उंची तपासा’ असं सांगायचं. विमानांतही जमीन जवळ आल्याचं ओरडून सांगणारी यंत्रणा त्याच दशकात सक्तीची झाली.

---

सिग्नल_पिवळा | रात्री १०:०५

एक बारीक प्रश्न. तुमच्या आयडीत पक्कड आहे. या प्रकरणाशी काही संबंध, की योगायोग?

---

पाना_पक्कड | रात्री १०:४०

आयडी जुना आहे, संबंध नंतर लागला.

टेपवर एक संवाद आहे. ती दिव्याची जोडणी आडवी अडकलेली, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर तिच्याशी झटापट करताहेत. पक्कड असती तर कागदी रुमाल गुंडाळून ओढली असती, असं बोलणं चालतं. त्यावर फ्लाइट इंजिनियर म्हणतो त्याचा आशय असा की पक्कड देतो हवी तर, पण जोर लावाल तर मोडेल, माझ्यावर विश्वास ठेवा.

शंभर टक्के बरोबर सल्ला. मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि मीही त्या दिव्याकडेच बघत असतो.

आमच्या कामात एक पद्धत आहे. मध्येच कुणी हाक मारली, फोन आला, चहा आला, तर परत येऊन जिथे सोडलं तिथून सुरू करायचं नाही. तीन पायऱ्या मागे जाऊन सुरू करायचं. नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं तेव्हा मला ही पद्धत माहीत होती, पण वेळ वाचवायची घाई होती. एका पॅनेलचे स्क्रू लावताना कुणीतरी बोलावलं, परत आलो आणि पुढून सुरुवात केली. संध्याकाळी हत्यारं मोजली तर एक टॉर्च कमी. शॅडो बोर्डवर, म्हणजे प्रत्येक हत्याराची आकृती काढलेल्या फळ्यावर, टॉर्चच्या आकाराची रिकामी जागा. रात्री अकरापर्यंत पाच जणांनी ते विमान उघडलं. टॉर्च त्या पॅनेलच्या आत होती, चालू. फोरमन काही बोलला नाही. बंद करून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, सेल तू आण उद्या.

४०१ च्या खालच्या कप्प्यातही उजेडाचाच घोळ झाला होता, ते सांगायचं राहिलं. इंजिनियर खालून ओरडला की काळोख आहे, काही दिसत नाही. चाकाच्या कप्प्यातल्या दिव्याचं बटण वर कॉकपिटमध्ये. शेवटी जंप सीटवरचा तो देखभालवालाही झडपेतून खाली उतरला, चाक बघायला. तो वाचला.